सीबी रेडिओचे दिवस : मोबाईल येण्यापूर्वीच संपलेली हौस

इंद्रायणीकाठ

अमेरिकेतील सीबी रेडिओचा, म्हणजे 'सिटिझन्स बँड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वसामान्यांच्या बिनतारी संभाषणाचा, बळी मोबाईल फोनने घेतला असे विधान अलीकडे वारंवार वाचनात येते. ज्यांनी 1975 ते 1978 हा काळ तेथे प्रत्यक्ष काढला आहे, त्यांना ते पटणे कठीण आहे. शिकागोमध्ये अमेरिकेतील पहिली व्यावसायिक सेल्युलर मोबाईल सेवा सुरू झाली ती ऑक्टोबर 1983 मध्ये, आणि त्या सुमारास बाजारात आलेल्या पहिल्या हातात धरण्याजोग्या फोनची किंमत चार हजार डॉलरच्या घरात होती. तोपर्यंत सीबीचे लाखो संच तळघरांत आणि गॅरेजांत जाऊन पडले होते. या हौसेचा घात तिच्यावर लोटलेल्या गर्दीनेच केला, असे माझे मत आहे. त्या काळातील इतर सभासदांच्या आठवणी समोर याव्यात, यासाठी हा धागा काढत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील 23 चॅनेल्स 1958 मध्ये सामान्य नागरिकांसाठी खुली झाली. परीक्षा नव्हती, मॉर्स संकेत शिकण्याची सक्ती नव्हती. अर्ज भरावा, शुल्क द्यावे आणि चार वॅटचा संच वापरावा, एवढेच अपेक्षित होते. पुढची पंधरा वर्षे शेतकरी, प्लंबर, टॅक्सी कंपन्या, शिकारी असे मोजके लोक कामापुरते त्यावर बोलत असत. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखले आणि चित्र पालटले. डिझेल मिळेना, आणि मिळाले तरी परवडेना. त्यातच जानेवारी 1974 मध्ये सबंध देशासाठी ताशी 55 मैलांच्या वेगमर्यादेचा कायदा झाला. मैलागणिक पैसे मिळणाऱ्या ट्रकचालकाच्या दृष्टीने हा पोटावरचा घाव होता. त्याआधीच, डिसेंबर 1973 मध्ये, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोतील महामार्ग ट्रक आडवे लावून रोखण्यात आले, तेव्हा त्या आंदोलनातील संदेशांची देवाणघेवाण याच संचांवरून होत होती. बातम्यांमधून हे देशाने पाहिले आणि साध्या मोटारवाल्यांनाही तो संच हवासा वाटू लागला.

मी त्या वेळी ओहायोत एका कारखान्यात नोकरीला होतो आणि टर्नपाइकवरून, म्हणजे तिथल्या टोल महामार्गावरून, नियमित प्रवास करीत असे. इराण्याच्या हॉटेलात शिरावे आणि कोणत्याही टेबलावरच्या गप्पांत खुशाल भाग घ्यावा, तसे चॅनेल 19 होते. पुढे पोलिसांची रडारची गाडी कोठे उभी आहे, कोणत्या पंपावर डिझेल शिल्लक आहे, कोणत्या पुलावर बर्फ गोठले आहे, हे समोरून येणारा अनोळखी चालक आपणहून सांगत असे आणि त्याच्या मोबदल्यात आपण मागे सोडलेल्या रस्त्याची हकीकत त्याला देत असू. राज्य पोलिसांची रुंद काठाची टोपी जाहिरातीतल्या 'स्मोकी' अस्वलाच्या टोपीसारखी दिसे, म्हणून त्यांना 'स्मोकी' म्हणत. ज्या सरकारने वेगमर्यादा घातली त्याच सरकारच्या परवान्यावर ती चुकवण्याची यंत्रणा उघडपणे चालत होती, याचे मला तेव्हाही नवल वाटे आणि आजही वाटते.

आमच्या ओळखीची मराठी कुटुंबे दोन-तीन मोटारींतून नायगाराला निघाली की एखादे रिकामे चॅनेल धरून वाटेत गाण्यांच्या भेंड्या लावत. एकदा मधूनच एका ट्रकचालकाने ही कोणती भाषा आहे, असे विचारले. आम्ही सांगितल्यावर तो म्हणाला की, भाषा कळली नाही तरी ती दुसऱ्या गाडीतली बाई ठरलेल्या अक्षराऐवजी भलत्याच अक्षरावरून गाते आहे, हे त्याच्या कानाला समजले आहे. तो बाद दिलेला निर्णय आम्ही मान्य केला.

निशिगंधा_७

धागा वाचून फार दिवसांनी लिहीत आहे. सीबीचा विषय निघाला की पुरुषमंडळी महामार्ग, ट्रक आणि पोलीस यांपलीकडे जात नाहीत. घरात ठेवलेल्या संचांबद्दल, ज्याला 'बेस स्टेशन' म्हणत, फारसे कोणी लिहीत नाही.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहत होतो. घरात एकच मोटार होती आणि ती सकाळी ह्यांच्याबरोबर जात असे. पदरी दोन लहान मुले, भारतात फोन करायचा तर ऑपरेटरकडे नोंदणी करून ठेवायची आणि तीन मिनिटांच्या बोलण्यासाठी महिन्याचे अंदाजपत्रक विसकटायचे, अशी परिस्थिती. ह्यांनी हौसेने आणलेला संच स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवला गेला आणि वापरला मात्र मी. सकाळी दहाच्या सुमारास आमच्या भागातल्या बायका एका ठरलेल्या चॅनेलवर येत असत. खरे नाव कोणी सांगत नसे, प्रत्येकीचे टोपणनाव असे. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही 1976 च्या निवडणुकीच्या धामधुमीत 'फर्स्ट मामा' हे टोपणनाव घेतले होते, त्यामुळे घरंदाज बायकांनी सीबीवर बोलावे की नाही, हा प्रश्न परस्पर निकाली निघाला होता. माझे इंग्रजी पुस्तकी होते. फोनवर पलीकडचा माणूस माझे उच्चार ऐकून अस्वस्थ होत असे, पण येथे ऐकणाऱ्या सात-आठ जणी असत आणि एकीला कळले नाही तर दुसरी समजावून सांगत असे. अमेरिकन बोली मी त्या फडताळाखाली उभी राहून शिकले.

फेब्रुवारी 1978 मधले हिमवादळ मला विशेष आठवते. बॉस्टनभोवतीच्या 128 क्रमांकाच्या महामार्गावर तीन हजारांहून अधिक वाहने बर्फात रुतून बसली होती. चॅनेल 9 हे आणीबाणीसाठी राखून ठेवलेले होते आणि 'रिअ‍ॅक्ट' या 1962 पासून चालत आलेल्या संघटनेचे स्वयंसेवक एरवीही त्यावर कान देऊन बसत. त्या रात्री अडकलेल्या चालकांचे आवाज येत होते. गाडीचे इंजिन सुरू ठेवून काचा बंद करून बसू नका, धुराड्याभोवतीचा बर्फ आधी हाताने काढा, हे एक जण शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होता, कारण साठलेल्या विषारी वायूने माणसे बसल्या जागी दगावण्याची भीती होती. एका चालकाजवळ मधुमेहाचे औषध नव्हते. त्याच्यापासून पाच-सहा गाड्या सोडून असलेल्या एका नर्सने आपला ठावठिकाणा सांगितला आणि दोघांमधल्या गाड्यांनी दिवे लावून तिला वाट दाखवली. पुढे काय झाले ते मला ऐकू आले नाही, कारण आमच्याकडची वीज गेली.

ध्वनिलहरी

मी पुण्यातील जुना हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक. आमच्या पंथात सीबीवाल्यांकडे नाक मुरडण्याची परंपरा आहे आणि तिला ऐतिहासिक कारणही आहे. तो 27 मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत आधी हौशी रेडिओचालकांकडे होता; 1958 मध्ये तो काढून सीबीला देण्यात आला. ज्यांनी परीक्षा देऊन परवाने मिळवले त्यांना हे जिव्हारी लागले.

गर्दीविषयी धागाकर्त्यांनी मांडलेला मुद्दा तांत्रिक बाजूनेही बरोबर आहे. अमेरिकन सीबी एएम पद्धतीवर चालत असे. एका चॅनेलवर दोन जणांनी एकाच वेळी बटण दाबले, तर त्यांच्या वाहक लहरींमधील किंचित फरकातून एक कर्कश शीळ निर्माण होते आणि दोघांचेही बोलणे तिच्याखाली गाडले जाते. दहा जणांनी बटण दाबले, तर फक्त शीळच उरते. शहराजवळच्या चॅनेल 19 वर 1977 च्या सुमारास संध्याकाळी हेच ऐकू येत असे. त्यावर उपाय म्हणून लोकांनी बेकायदा शक्तिवर्धक जोडले, चार वॅटच्या जागी शंभर आणि काही ठिकाणी त्याहूनही कितीतरी अधिक वॅट सोडले, आणि शीळ अधिक लांबवर पोहोचवली. भरीस भर म्हणजे 27 ची दुप्पट 54, आणि अमेरिकेत टीव्हीचे चॅनेल 2 बरोबर 54 मेगाहर्ट्झपासून सुरू होत असे. शेजाऱ्याच्या पडद्यावर ऐन मालिकेच्या वेळी पट्टे उमटले की भांडण ठरलेले.

त्यात सूर्यानेही हातभार लावला. सौरडागांचे चक्र 1979 च्या अखेरीस शिखरावर होते. अशा काळात आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युत्भारित थर, 27 मेगाहर्ट्झच्या लहरी परत पृथ्वीकडे वळवते. गावातला आवाज ऐकू येईना आणि हजार मैलांवरचा मात्र स्वच्छ येई. गप्पांचे साधन म्हणून संच घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने ते निरुपयोगी झाले होते.

इंद्रायणीकाठ

ध्वनिलहरी यांनी नेमके वर्णन केले आहे. त्याला आकड्यांची जोड देतो. परवान्याचे शुल्क 20 डॉलर होते, ते 1975 मध्ये 4 डॉलरवर आले आणि 1977 च्या आरंभी तेही गेले. परवाने एक कोटीच्या पुढे गेले. अर्जांचे ढीग उपसता येईनात, म्हणून एफसीसी या अमेरिकेच्या दळणवळण नियामक संस्थेने आपला परवाना तात्पुरता आपणच भरून घेण्याची सोय दिली, आणि अखेर 1983 मध्ये परवाना हा प्रकारच रद्द केला. विनापरवाना बोलणारे किती होते, हे देवालाच ठाऊक. चॅनेल्स 1 जानेवारी 1977 पासून 23 वरून 40 करण्यात आली. ही घोषणा आधीच्या उन्हाळ्यात झाल्यामुळे ग्राहक थांबले, दुकानांत 23 चॅनेलवाल्या संचांचे डोंगर साचले आणि ते मातीमोल भावाने विकले गेले. त्या स्वस्ताईत ज्यांना या संभाषणाची रीतभात ठाऊक नव्हती, असे लोक लोंढ्याने आले. बटण दाबून ठेवून गाणी लावणे, शिव्या देणे, मुद्दाम दुसऱ्याच्या बोलण्यात अडथळा आणणे हे नित्याचे झाले. जुन्या लोकांनी आधी चॅनेल बदलले आणि मग संच बंद केले.

चोऱ्यांचाही उल्लेख करायला हवा. छतावरची लांब अँटेना म्हणजे आत संच असल्याची जाहिरातच होती. माझी मोटार कार्यालयाच्या आवारातून फोडली गेली. त्यानंतर संच रोज सरकत्या घडवंचीवरून काढून बगलेत मारून आत नेण्याचा कंटाळा येऊ लागला, आणि कंटाळा हेही हौस संपण्याचे एक मोठे कारण असते.

लेस्टरवासी

ब्रिटनची कथा याच कादंबरीचा उशिरा प्रसिद्ध झालेला दुसरा खंड आहे. तेथे 1981 च्या नोव्हेंबरपर्यंत सीबी सरळसरळ बेकायदा होते, तरी अमेरिकेतून चोरून आणलेले एएम संच सर्रास वापरले जात. रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवणारे हौशी लोक त्याच 27 मेगाहर्ट्झवर असल्याने त्यांची विमाने हवेतून कोसळत आणि त्यांचा संताप रास्त होता. मोर्चे निघाले, सरकार नमले आणि 2 नोव्हेंबर 1981 पासून 10 पौंडांत टपाल कार्यालयात परवाना मिळू लागला. मात्र तो एफएम पद्धतीसाठी आणि अमेरिकेहून वेगळ्या चॅनेल्ससाठी होता, म्हणजे आधीपासून बोलणारे सगळे दुसऱ्या दिवशीही बेकायदाच राहिले. अँटेनाची लांबीही दीड मीटरपुरती मर्यादित होती. या कारभारावर तेव्हा पुष्कळ विनोद झाले.

मी त्या वेळी शाळकरी मुलगा होतो. वडील मिलमध्ये कामाला, घर दाटीवाटीच्या वस्तीत. 1981 चे वर्ष आमच्यासारख्यांसाठी बरे नव्हते. एप्रिलमध्ये लंडनमधील ब्रिक्स्टन आणि जुलैमध्ये तेथलेच साउथॉल वांशिक तणावातून पेटले होते. संध्याकाळी एकटे बाहेर जाऊ नये, अशी घरची ताकीद असे. सीबीवर मात्र मी रात्री उशिरापर्यंत गावभर हिंडत असे. माझा जन्म तिथलाच, उच्चार अस्सल लेस्टरचे, टोपणनाव एका क्रिकेटच्या संज्ञेवरून घेतलेले. त्यामुळे मी कोण, हे कोणाला कळण्याचे कारण नव्हते. त्याच लोकांच्या तोंडून आमच्या लोकांबद्दलचे विनोदही मला ऐकावे लागत आणि मी गप्प बसत असे.

मग एकदा प्रत्यक्ष भेटायचे ठरले. अशा भेटीला 'आयबॉल' म्हणत. एका मद्यगृहाच्या वाहनतळावर पंधरा-वीस जण जमले होते. मी टोपणनाव सांगितले तेव्हा दोन क्षण कोणी काही बोलले नाही. त्यानंतर त्यांच्यातला सर्वांत वयस्कर गृहस्थ म्हणाला की, तुझ्या माईकचा आवाज खोलातून येतो, तो जरा दुरुस्त करून घे. दोघे जण त्यानंतर माझ्याशी चॅनेलवर कधी बोलले नाहीत. बाकीचे बोलत राहिले, आणि माझ्यासमोर ते विनोद बंद झाले. ते मनातून गेले असतील, असे मी म्हणणार नाही.

अनुदिनी

सर्व प्रतिसाद आवडले. माझ्यासारख्या उशिरा जन्मलेल्या व्यक्तीला एक शंका आहे. टोपणनावाआड राहून बोलणे, ओळख लपवणे, शिवीगाळ, मुद्दाम दिलेला त्रास हे सगळे आजच्या समाजमाध्यमांतही दिसते. मग त्या काळाला सोनेरी का म्हणावे? शिवाय परवान्यासोबत अधिकृत संकेतनाम मिळत असेल ना? त्यावरून उपद्रवी माणूस शोधता येत नव्हता का?

इंद्रायणीकाठ

संकेतनाम मिळत असे, तीन अक्षरे आणि चार आकडे. नियमानुसार ते संभाषणात उच्चारणे बंधनकारक होते आणि सुरुवातीला अनेक जण उच्चारतही असत. 1976 नंतर ते कानावर पडेनासे झाले. कोट्यवधी संच आणि तपासणीला मूठभर माणसे, असा तो प्रकार होता.

सोनेरी या शब्दाबद्दल मात्र मतभेद नोंदवतो. शिवीगाळ तेव्हाही होती आणि दक्षिणेकडील राज्यांतून जाताना आमच्या उच्चारांवर काय काय ऐकून घ्यावे लागे, ते येथे लिहिण्यासारखे नाही. तरी एक मूलभूत फरक आहे. चार वॅटचा आवाज साधारण पाच-दहा किलोमीटरच्या आत विरून जातो. म्हणजे जो बोलतो आहे तो याच रस्त्यावर, याच धुक्यात, कदाचित पुढच्याच वळणावर आहे. चुकीची बातमी दिली तर ती दहा मिनिटांत उघडी पडते आणि तेच टोपणनाव घेऊन पुन्हा बोलणे अवघड होते. गर्दी वाढली आणि शक्तिवर्धकांनी अंतर वाढवले, तेव्हा नेमका हा धागा तुटला. मला त्या काळाबद्दल आपुलकी आहे ती त्याआधीच्या दोन-तीन वर्षांपुरती.

निशिगंधा_७

मला हे मत थोडे कठोर वाटते. आमच्या सकाळच्या चॅनेलवर 1980 नंतरही चार-पाच जणी येत होत्या. महामार्गांवरच्या गोंगाटाचा तेथे उपद्रव कमी होता. तो गट संपला तो आमच्यातल्या बहुतेक जणी नोकरीला लागल्यामुळे. मीही त्यांतलीच एक. प्रत्येक चॅनेलचा शेवट एकाच कारणाने झाला, असे धरून चालू नये.

मालवाहक

मी सध्या इंडियाना राज्यात मालवाहतुकीच्या कंपनीत गाड्यांचे नियोजन पाहतो, म्हणून आजची स्थिती सांगतो. सीबी संपलेला नाही, आक्रसला आहे. अनेक जुन्या चालकांच्या केबिनमध्ये संच असतो. तासन्‌तास चॅनेल 19 वर शुकशुकाट असतो. परंतु पुढे अपघात होऊन रस्ता अडला, हिमवर्षाव झाला किंवा वजनकाट्यावर रांग लागली की आवाज येऊ लागतात. फोनवरचे नकाशे वाहतूक खोळंबली आहे, एवढे सांगतात. डावी मार्गिका मोकळी होते आहे, उजवीकडे उलटलेल्या ट्रकमधून तेल सांडले आहे, हे चालकच सांगतो. आमच्याकडे पंजाबी चालक मोठ्या संख्येने आहेत, मराठी क्वचितच भेटतो. नव्या चालकांना कामाचे तास नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र 2017 च्या अखेरीपासून सक्तीचे असल्यामुळे आपल्यावर आधीच पुरेसे लक्ष आहे, असे वाटते आणि मोकळ्या वेळात ते घरी फोन लावतात.

नियमांतही बदल झाले आहेत. दूर अंतरावरच्या सीबी केंद्राशी बोलण्यास असलेली जुनी बंदी 2017 मध्ये उठली आणि 2021 मध्ये एफएमलाही परवानगी मिळाली.

लेस्टरवासी

म्हणजे ब्रिटनने 1981 मध्ये केले ते अमेरिकेने चाळीस वर्षांनी मान्य केले, हे आमच्याकडील जुन्या मंडळींना अवश्य कळवतो. एफएमचा स्वभाव वेगळा आहे. दोघे एकदम बोलले तर शीळ येत नाही, बलवान आवाज दुबळ्याला गिळून टाकतो. त्यामुळे आमच्याकडे गोंगाटाऐवजी दादागिरी होती. ज्याचे घर टेकडीवर त्याचे चॅनेल.

अनुदिनी

भारतात असे काही कधीच नव्हते का?

ध्वनिलहरी

त्या काळात नव्हते. 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्याखाली परवान्याशिवाय संच जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. साधा गाणी ऐकण्याचा रेडिओ असला तरी टपाल कार्यालयात वार्षिक परवाना भरावा लागे, हे येथील ज्येष्ठांना आठवत असेल. 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त झाला तो 2005 मध्ये, आणि तोवर लोकांच्या खिशात मोबाईल येऊ लागला होता. मोबाईलने सीबी मारला, हे विधान एखाद्या देशाला लागू पडत असेलच, तर ते आपल्याला; तेही जन्माआधीच.

मालवाहक

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. आमच्या एका निवृत्त सहकाऱ्याने 1976 चा 23 चॅनेलवाला संच मला भेट दिला आहे. तो गेली अनेक वर्षे बंद आहे. सरळ बॅटरीला जोडून पाहावा का?

ध्वनिलहरी

सरळ जोडू नये. इतक्या वर्षांत आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. ते आधी तपासून बदलून घ्यावेत. वीज देताना तारांची धन-ऋण बाजू दोनदा पाहावी, कारण त्या काळी दोन्ही पद्धतींच्या गाड्या रस्त्यावर होत्या आणि काही संचांत त्यासाठी मागे बदलाची सोय असे. पहिल्यांदा वीज देताना प्रवाहावर मर्यादा घालणारा पुरवठा वापरावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अँटेना जोडल्याशिवाय माईकचे बटण दाबू नये, नाहीतर अखेरचा ट्रान्झिस्टर क्षणात जाईल आणि तसाच मिळवणे आता सोपे नाही. अँटेना बसवल्यावर ती संचाशी कितपत जुळते हे दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरने पहिले, मधले आणि तेविसावे अशी तीन चॅनेल्स मोजावीत आणि दीडच्या आसपास आकडा आला की समाधान मानावे. त्या संचात चॅनेल 19 असणारच, त्यामुळे आपले काम अडणार नाही.